भाषा: लागू नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान झालेले आणि माझ्या हातातल्या कागदांच्या जाडीकडे धास्तीने बघणारे प्रमुख पाहुणे, आपल्या 'कोठारा'चे रचनाकार, परीक्षक आणि दुरुस्तीवाले मित्र, गावोगावच्या ग्रंथालयांतून, संग्रहालयांतून, महाविद्यालयांतून आलेले सहकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या मालकीणबाई, त्यांच्यासाठी माझ्या उजव्या हाताला उभ्या राहून माझं बोलणं खुणांमध्ये सांगणाऱ्या आपल्या शाळेच्या बाई, आणि ज्यांना मुख्यतः चहाची वेळ जाणून घ्यायची आहे असे सर्व रसिकहो,

आत्ता माझा परिचय करून देताना सूत्रसंचालकांनी मला "या समुदायाचा आवाज" असं म्हटलं. मी दचकून मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, म्हणजे ते मलाच म्हणत होते. माणूस निघाला की त्याच्याबद्दल बरं बोलायची आपल्यात पद्धत आहे, त्यामुळे मी हे मनाला लावून घेत नाही. पण हा आवाज कितपत ऐकू जात होता, हे माझ्या पत्नीला विचारा. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. ती म्हणते, "तुमचं वार्तापत्र जगात मन लावून वाचणारी मी एकटीच आहे, आणि तीसुद्धा ऱ्हस्व-दीर्घासाठी."

आज सभागृहात नव्याने आलेली बरीच मंडळी दिसतात, काही जण तर नुसतेच आपापल्या नातेवाइकांबरोबर आले आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. 'कोठार' हे एक सॉफ्टवेअर आहे. संस्थांनी आपले प्रबंध, जुनी छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं, चित्रफिती त्यात नीट नोंद करून ठेवायच्या, म्हणजे पुढे कोणालाही त्या सापडतात. ते फुकट मिळतं. त्याचा आतला सगळा कारभार उघडा असतो, ज्याला समजतं त्याने तो दुरुस्त करावा. ज्याला समजत नाही त्याने काय करावं? त्याने वार्तापत्र काढावं. असा मी वार्तापत्राचा संपादक झालो.

माझी पात्रता काय होती? महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, आणि मोठमोठी वाक्यं लिहायची खोड होती. एका नव्या आवृत्तीच्या वेळी मी मथळा दिला होता, 'नूतन आवृत्तीचे दिमाखदार पदार्पण'. अंक पोहोचायच्या आत ती आवृत्ती बिघाडापायी मागे घेतली गेली. पुढच्या अंकात मी लिहिलं, 'नूतन आवृत्तीची सन्मानपूर्वक माघार'. लोकांनी ते वाचलं असतं तर माझी फटफजिती झाली असती. पण कोणी वाचत नाही, हे संपादकाचं सर्वांत मोठं संरक्षण असतं.

असो. निरोपाच्या भाषणात माणसाने आपल्या कारकिर्दीचा आढावा घ्यायचा असतो. माझा आढावा घ्यायला बसलो तर चहाच्या आधीच संपेल. म्हणून मी एकच हकिगत सांगणार आहे. त्यात मी स्वतः जवळजवळ काहीच केलेलं नाही, त्यामुळे ती ऐकण्यासारखी आहे.

एकदा अंक तोंडावर आला होता आणि माझ्याकडे एकही बातमी नव्हती. तेव्हा इंटरनेटवरच्या आपल्या चर्चापटलावर खाली कुठेतरी एक तक्रार दिसली. कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी ती लिहिली होती. त्याच या, आत्ता माझ्या शेजारी उभ्या आहेत. त्यांनी लिहिलं होतं की, चित्रफितीची नोंद करताना 'भाषा' हा रकाना भरावाच लागतो आणि त्याच्या पर्यायांत खुणांची भाषा नाही, कृपया ती घालावी. तिच्यावर शेरा पडला होता, 'किरकोळ. पुढे पाहू.' शेरा आपल्या मुख्य रचनाकाराचा होता. त्याला आपण सगळे गवंडी म्हणतो, कारण 'कोठारा'ची बहुतेक वीट त्याच्या हातची आहे.

मी मनात म्हटलं, चला, पाव पानाची सोय झाली. आणि शाळेत गेलो.

शाळेच्या संगणकखोलीत बाईंनी मला खुर्ची दिली. समोर मालकीणबाई बसल्या होत्या; वार्तापत्राचा माणूस येतोय म्हणून बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गणवेश शिवण्याचं मोठं दुकान त्यांनी उभं केलं, चालवलं, आता मुलाच्या हाती दिलंय आणि तरी रोज जाऊन त्याच्या चुका काढतात. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही. याच शाळेत, वसतिगृहात राहून त्या शिकल्या. आणि त्या गोष्टी सांगतात. वसतिगृहातल्या मुलींनी एकमेकींना सांगितलेल्या, मोठ्या मुलींकडून धाकट्यांकडे आलेल्या गोष्टी, हातांनी आणि चेहऱ्याने. त्यातल्या कितीतरी खुणा आजच्या मुलांना माहीतच नाहीत. त्या गोष्टी अशा सलग येणाऱ्या आता मालकीणबाई एकट्याच उरल्या आहेत. बाईंनी त्यांच्यामागे लागून त्यांचं चित्रीकरण केलं होतं. मागे लागून म्हणजे कसं? प्रत्येक वेळी केस नीट बसले नाहीत म्हणून पहिला प्रयत्न रद्द व्हायचा.

मी पोहोचल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगायला घेतली. मला अर्थातच काही कळेना. पण पाहुण्याने कंटाळलेलं दिसू नये, म्हणून मी मधेच मोठ्याने हसलो.

बाई हळूच म्हणाल्या, "सर, तिथे गोष्टीतला घोडा मेलाय."

मालकीणबाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. मग त्यांनी मला खुणेचं नाव ठेवलं. त्यांच्यात प्रत्येकाला असं नाव मिळतं, दिसण्यावरून किंवा सवयीवरून. माझं नाव म्हणजे नाकासमोर धरलेली दोन बोटं, एकसारखी उघडमीट करणारी. चोच! त्या अर्ध्या तासात मी किती बडबड केली असेन, याचा अंदाज आपण बांधू शकता. पहिल्या रांगेतले लोक आत्ता हसताहेत, म्हणजे बाईंनी ते नाव करून दाखवलं. बाई, मी न सांगितलेलं काही त्यात घालू नका हं.

मग बाईंनी मला खरा प्रकार सांगितला. पहिल्या गोष्टी 'कोठारा'त चढवल्यावर त्यांनी मालकीणबाईंना बोलावलं होतं. त्या मुलगा, सून, नातवंडं असं सगळं लटांबर घेऊन आल्या. पडद्यावर स्वतःला बघून खूश झाल्या. आणि मग त्यांनी खाली वाचलं. शीर्षक, काळ, ठिकाण सगळं बरोबर होतं. पुढच्या ओळीत होतं, 'भाषा: लागू नाही'.

पर्यायांत दुसरं काही बसतच नव्हतं, म्हणून बाईंनी नाइलाजाने ते निवडलं होतं. मालकीणबाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग बाईंकडे वळून विचारलं, "मग मी इतका वेळ काय करत होते? माश्या हाकलत होते?"

आणि त्या उठून घरी गेल्या. पुढच्या चित्रीकरणाला आल्या नाहीत. निरोप पाठवला की, माझ्या आहेत तेवढ्या गोष्टीही काढून टाका.

त्यात आणखी एक मेख होती. सर्व संस्थांच्या संग्रहांची प्रत कायम जपून ठेवणारं एक मध्यवर्ती भांडार आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. ते यंत्रच नोंदी निवडतं. ज्या चित्रफितीत आवाज नाही आणि भाषाही नाही, ती रिकामी समजून ते टाकून देतं. म्हणजे सगळ्या गोष्टी होत्या त्या शाळेच्या एका जुन्या संगणकावर. त्याचा पंखा असा घरघरत होता, की मला वाटलं बाहेर कोणीतरी दळण टाकलंय. ते यंत्र मान टाकणार हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

मी घरी येऊन एक हृदयद्रावक लेख लिहिला. पत्नीने तो वाचला आणि म्हणाली, "यात तुम्ही किती हेलावलात ते छान आलंय. त्या बाईंना काय हवंय ते कुठे आहे?" ते शेवटून दुसऱ्या वाक्यात होतं. लेख छापला. प्रतिक्रिया आली ती एकच, माझ्या मेहुण्याची. त्याने अंगठा दाखवला होता.

तेव्हा मग मी माझ्या आयुष्यातलं एकमेव उपयोगी काम केलं. वार्षिक मेळाव्याची पाहुण्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. मी बाईंना आणि मालकीणबाईंना आमंत्रण दिलं, आणि दुपारच्या सत्रात त्यांना गवंड्याच्या टेबलाशी नेऊन बसवलं.

मालकीणबाई यायला तयार कशा झाल्या? बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "ज्याने ते लिहिलंय तो माणूस भेटणार आहे." भांडणाचं आमंत्रण असेल तर त्या वेळेच्या आधी हजर असतात.

आता गवंड्याबद्दल. ही हकिगत त्याची परवानगी घेऊनच सांगतोय. परवानगी त्याने टाईप करून दिली आहे. तो तिकडे खांबाशेजारी बसलाय. मागे वळून बघू नका, तो लाजेल. बघितलंतच! तर आपला गवंडी चर्चापटलावर पानंच्या पानं लिहितो, मुद्देसूद लिहितो, चिमटे काढतो. पण समोर आला की चारचौघांत 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे जात नाही. त्याला घमेंड आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. माणसं ओळखण्याची माझी ही हातोटी.

त्या टेबलाशी त्याने संगणक उघडला, आणि मोठ्या अक्षरांत टाईप करून पडदा मालकीणबाईंकडे फिरवला. त्या वाचायच्या आणि हातांनी उत्तर द्यायच्या, बाई ते बोलून दाखवायच्या. मी मध्ये बसून पाण्याचे पेले सरकवत होतो.

त्याने लिहिलं, "भाषांची यादी आम्ही बनवलेली नाही. जुनी, दोन अक्षरी चिन्हांची प्रमाण यादी आहे. तिच्यात खुणांच्या भाषा नाहीत. दुसरी, तीन अक्षरांची यादी आहे, तिच्यात आहेत. पण यादी बदलली की सगळीकडच्या जुन्या नोंदी हलतात, शोध बिघडतो. मी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. सध्या 'इतर' असा एक पर्याय घालून देतो, तो निवडा."

मालकीणबाईंनी विचारलं, "इतर म्हणजे काय?"

"बाकीच्या सगळ्या."

"बाकीच्या म्हणजे कोणत्या?"

"ज्या यादीत नाहीत त्या."

"आणि 'इतर' लिहिलं तर ते भांडार माझ्या गोष्टी ठेवून घेईल?"

गवंड्याने यादी उघडून बघितली. 'इतर'लाही चिन्ह नव्हतं, आणि चिन्ह नसलं की भांडाराच्या लेखी भाषाच नाही. त्याने लिहिलं, "नाही."

"म्हणजे तू मला दुसऱ्या दाराने घरात घेतोस आणि तिसऱ्या दाराने बाहेर काढतोस."

त्याने लिहिलं, "मावशी, मी तुमचा अपमान केलेला नाही. हा फक्त एक रकाना आहे."

मालकीणबाईंनी ते वाक्य वाचलं. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली, हातांना जागा केली आणि सांगायला लागल्या. बाईंचा आवाज खाली आला होता. "मी लहान होते तेव्हा या शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. तोंडानेच बोलायचं. हात बाकाखाली ठेवायचे. कोणाचा हात वर आला की पट्टी. आम्ही दिवसभर ओठ हलवायचो, आपण काय म्हणतोय ते आपल्यालाच कळायचं नाही. जेवायला सोडलं की हात मोकळे व्हायचे. तेवढ्यात गोष्टी सांगून घ्यायच्या. घास तोंडात, गोष्ट हातात. त्या गोष्टी अशा आल्यात. आणि तू म्हणतोस, रकाना."

गवंडी टाईप करायला लागला. मालकीणबाईंनी हात आडवा धरला.

"असं नाही. हात टेबलाखाली ठेव. आणि मग सांग तुझी अडचण."

मला वाटलं तो चिडेल. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो कोणी घेतला नाही. गवंड्याने खरोखरच दोन्ही हात टेबलाखाली नेले. मान वर केली. त्याने 'म' म्हणायला तोंड उघडलं, आणि तो 'म' काही केल्या सुटेना. ओठ मिटलेले, मान एका बाजूला ताठलेली, कपाळाची शीर वर आलेली. गवंडी अडखळतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्याच्याशी बोललो, ते सगळं बोटांनीच.

मी दुसरीकडे बघायला लागलो. शिकलेल्या माणसाचा हाच एक शिष्टाचार असतो, दुसऱ्याची अडचण दिसली की भिंतीवरचं घड्याळ न्याहाळायचं. मालकीणबाईंनी नजर हलवली नाही. त्यांना त्याचा आवाज ऐकू येणारच नव्हता, त्या त्याचे ओठ बघत होत्या. मग त्या टेबलावरून वाकल्या, त्याच्या कोपराला धरून त्यांनी त्याचे हात वर काढले आणि संगणकावर ठेवले.

बाई म्हणाल्या, "त्या म्हणताहेत, पुरे. कळलं मला. लिही."

गवंड्याने लिहायला घेतलं. त्याने काय लिहिलं ते मी आपल्याला सांगू शकतो, कारण मी शेजारून वाचलं, मला ती वाईट सवय आहे. त्याने लिहिलं, "शाळेत मला हजेरीला 'उपस्थित' म्हणता यायचं नाही. मास्तर गैरहजेरी लावायचे."

मालकीणबाईंनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं एकाच वसतिगृहातली दोन माणसं परक्या गावात भेटल्यावर येतं. त्यांनी विचारलं, "मग? रोज गैरहजर?"

"रोज."

"आणि बसलेला असायचास समोर!"

"पहिल्या बाकावर."

मग ते दोघं हसायला लागले, आणि मीही हसलो. बाईंनी मान डोलावली. या वेळी जागा बरोबर होती.

त्यानंतर काय घडलं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांनी त्याचा ताप सोसलाय. गवंड्याने यादी बदलायला घेतली. एकट्याचं काम नव्हतंच ते. त्याने इतरांना हाका मारल्या, शाळेचे माजी विद्यार्थी तपासणीला बसले. कित्येक सुट्ट्या गेल्या. पहिल्या चाचणीत एका मोठ्या ग्रंथालयातले भूशास्त्राचे झाडून सगळे प्रबंध 'खुणांची भाषा' म्हणून दिसू लागले. तिथल्या एका प्राध्यापकांनी कळवलं, "माझा प्रबंध खुणांच्या भाषेत असल्याचं समजलं. माझ्या मार्गदर्शकांना तो का कळत नव्हता, याचा आज उलगडा झाला."

शेवटी ते जमलं. आवृत्ती निघाली, आणि या वेळी ती मागे घ्यावी लागली नाही. मध्यवर्ती भांडाराने शाळेच्या सगळ्या चित्रफिती उचलल्या. तो घरघरणारा संगणक त्यानंतर थोड्याच दिवसांत कायमचा शांत झाला. दुसऱ्या देशांतल्या शाळांनीही आपापल्या खुणांच्या भाषांतल्या चित्रफिती चढवायला सुरुवात केली. मी या प्रसंगाला साजेसा मथळा शोधत होतो. 'मौनाच्या मुखी वाणीचा अरुणोदय' असं काहीतरी लिहिलं होतं. पत्नीने लाल पेनाने सगळं खोडलं आणि लिहिलं, 'कोठारात आता खुणांच्या भाषा.' वार्तापत्राच्या इतिहासात सर्वाधिक वाचली गेलेली ती बातमी. तिच्यात माझा एकही शब्द नाही.

बाईंनी मालकीणबाईंना पुन्हा शाळेत बोलावलं. या खेपेला नव्या संगणकावर. लटांबर तेच, शिवाय गवंडी आणि मी. मी एक छोटंसं मनोगत तयार करून नेलं होतं. आपण आत्ता ऐकताय त्याच्या निम्मंच होतं, घाबरू नका. नोंद उघडली. 'भाषा' या शब्दापुढे त्यांच्या भाषेचं नाव आलं होतं. ते सगळ्यांना दिसावं, त्या क्षणाचं महत्त्व ठसावं, म्हणून मी पुढे होऊन पडद्याजवळ उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हटलं, "मित्रहो, हा रकाना..."

मालकीणबाईंनी ती ओळ केव्हाच वाचून टाकली होती. चित्रफीत सुरू झाली होती आणि नातवंडं माना वाकड्या करून बघत होती. त्यांनी मला हाताने एक खूण केली. बाईंना सांगावी लागली नाही, मलाच कळली. खुणांच्या भाषेतलं मला आपलं आपण समजलेलं ते पहिलं वाक्य.

"बाजूला हो. गोष्ट दिसत नाहीये."

मी बाजूला झालो. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पहिल्यांदाच ती गोष्ट पुरती बघितली. घोडा मेला तेव्हा मला कळलं.

तर मित्रहो, संपादकपद सोडण्यामागे प्रकृती, वय, नव्या रक्ताला वाव वगैरे जी कारणं मी पत्रात दिली आहेत, ती शोभेची आहेत. खरं कारण ती खूण. पुढच्या महिन्यापासून वार्तापत्र शाळेच्या दोन माजी विद्यार्थिनी बघणार आहेत. त्या बातम्या लिहितीलही आणि खुणांमध्ये चित्रित करूनही देतील. त्यांना मी एकच सूचना केली, की माझे जुने अंक वाचू नका. त्या म्हणाल्या, आम्ही वाचलेच नाहीत.

आता आभार. अध्यक्ष महोदयांचे, त्यांनी एकदाही घंटी वाजवली नाही. गवंड्याचे, त्याने ही हकिगत सांगू दिली. माझ्या पत्नीचे, तिने आज लाल पेन घरी ठेवलं. बाईंचे, त्यांचे हात आता दुखत असतील. मालकीणबाईंचे कोणत्या शब्दांत मानू? शब्दांत मानण्यात अर्थ नाही, आणि खुणांमध्ये मानायला गेलो तर भलतंच काहीतरी बोलून बसेन.

बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला एखादा शब्द टोचला असेल, किंवा सगळंच जरा जास्त लांबलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. या भाषणात ज्यांना काही चांगलं आढळलं असेल, त्यांनी ते खुशाल बाईंच्या हातांच्या नावे मांडावं. चुका मात्र माझ्याच नावावर राहू द्याव्यात, त्यांची मला सवय आहे.

चहा बाहेर मांडला आहे. मी दारातून बाजूला होतो.